लासूरपर्यंत, नव्या रुळांवरून

मुलीनं फोनवर परत विचारलं तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. "आई, फ्लॅट विकायचं ठरवलंस का? इकडं सगळं सोपं होईल." इकडं म्हणजे बंगळुरू. मी म्हटलं, रविवारनंतर सांगते. आणि रविवारी सकाळी लासूरला निघाले.

माझे यजमान गेले त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून मी कुठं गेलेच नव्हते. दवाखाना ते घर आणि घर ते दवाखाना, एवढंच. पण आमच्या वॉर्डातल्या सिस्टर सांगत होत्या, की मनमाडच्या लाईनवर आता विजेची गाडी धावते, रूळ बदललेत, धक्के बसत नाहीत. त्याच लाईनवर मी कित्येक वर्षं लासूरच्या आरोग्य केंद्रात नर्स म्हणून अप-डाऊन केलं. शेजारच्या सीटवर कायम शाहीन आपा असायच्या. तिथल्या उर्दू शाळेत त्या शिकवायच्या. आपा रिटायर होऊन लासूरलाच मुलाकडं राहायला गेल्या, माझी बदली शहरात झाली, आणि आमच्या गप्पा ईदच्या आणि दिवाळीच्या फोनवर आल्या. बंगळुरूला जाऊ की नको, हे मला दुसऱ्या कुणाला विचारावंसं वाटेना.

जाणाऱ्यांसाठी सांगते: तिकीट मोबाईलवर निघतं, आणि रिक्षाला स्टेशनपर्यंत जेवढे द्याल त्यापेक्षा पॅसेंजरचं तिकीट स्वस्त पडतं. सकाळची गाडी धरा, उजव्या हाताची खिडकी धरा. दौलताबादच्या अलीकडं किल्ला दिसायला लागतो आणि बराच वेळ सोबत राहतो. पाणी घरून घ्या. स्टेशनावर पोहे मिळतात, पण थंड.

सिस्टर खोटं बोलल्या नव्हत्या. गाडी सरळ, गुळगुळीत पळत होती. डिझेलचा वास नाही, खिडकीच्या गजावर काजळी नाही. वर तारा, बाजूला दुसऱ्या रुळासाठी टाकलेला मातीचा लांबलचक भराव, त्यावर खडी पसरणारी माणसं. डब्यात मात्र ओळखीचं कुणीच नव्हतं. पूर्वी एक डबा आमचाच असायचा. कुणाची पोळी, कुणाचं लोणचं, आपांच्या डब्यातला खिमा आणि माझ्यासाठी वेगळी आणलेली शेवयांची खीर. आता जो तो कानात इअरफोनची बोंडं घालून बसलेला. मी शेजारच्या बाईला विचारलं, "कुठं निघालात?" ती म्हणाली, "रोटेगाव," आणि पुन्हा मोबाईलमध्ये गेली.

आपांचं घर बाजारपेठेत, मुलाच्या हार्डवेअरच्या दुकानावर. जिना चढले तर दारात सून, आरोग्य केंद्रात यायची त्यामुळं ओळखीची. "अरे, सुनंदा आंटी! आओ, आओ. अम्मी, देखो कौन आया!"

आपा वाळल्या होत्या. मला बघून हसल्या, पण लगेच सुनेकडं बघितलं. मग पाहुणचार सुरू झाला. शरबत, मग जेवण, मग चहा. नातवंडं टीव्ही लावून बसलेली, मुलगा दुकानातून येऊन-जाऊन. "आमची अम्मी तर लई आरामात हाय," तो म्हणाला, "कशाला हात लावू देत नाय आम्ही." आपा मान हलवत होत्या. मी दवाखान्याचं सांगितलं, त्यांनी गुडघ्यांचं सांगितलं, आणि मग दोघी टीव्हीकडं बघत बसलो. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकींच्या घरी कधी गेलोच नव्हतो. घरात बसून काय बोलायचं ते आम्हाला सुचत नव्हतं. आले ते चुकलंच, असं मला वाटलं.

निघताना आपा म्हणाल्या, "मी स्टेशनपर्यंत येते." सून म्हणाली, "अम्मी, गुडघे!" आपांनी चपला घातल्या.

स्टेशनवरच्या बाकावर बसल्यावर त्या बोलायला लागल्या. "घर भरलेलं हाय गं. पोरगं चांगलं, सून चांगली. पण माझ्याशी बोलत कुणी नाय. जेवलीस का, औषध घेतलं का, बस. कधी कधी इथं येऊन बसते. गाड्या बघते."

मी काही बोलणार तेवढ्यात गाडी आली, अगदी वेळेवर. आपांनी माझ्याकडं बघितलं. "दौलताबादपर्यंत येते. तिथनं उलटी गाडी मिळंल." तिकीट तर त्यांनी फाटकातून आत येतानाच काढून ठेवलं होतं.

आम्ही समोरासमोर बसलो. पोटूळला गाडी थांबली आणि सुटेना. क्रॉसिंग होतं. समोरची गाडी आल्याशिवाय आमची सुटणार नव्हती. एक माणूस वैतागून म्हणाला, "दुसरी लाईन झाली की ही कटकट संपल एकदाची."

"मला तर ही कटकटच हवी असायची," आपा हळूच म्हणाल्या, "तेवढंच आपलं बोलणं व्हायचं." मी हसले आणि मग एकदम डोळे भरून आले. मी त्यांना सगळं सांगितलं. फ्लॅट, मुलगी, रात्री दोन्ही खोल्यांतले दिवे चालू ठेवून झोपणं. विचारलं, "आपा, जाऊ का?"

आपांनी बाहेरच्या भरावाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "मी काय सांगू? मला कुणी विचारलंच नव्हतं. सामान भरलं आन् आले. तुला विचारतायत ना? मग घाई करू नको. जायचं तर तुझ्या मनानं जा. घर रिकामं हाय म्हणून नको जाऊ."

समोरून हॉर्न वाजला. मनमाडकडं जाणारी पॅसेंजर आमच्याच प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या बाजूला येऊन लागली. "हीच धरते," आपा उठत म्हणाल्या. "दौलताबादला उगं बसून राहावं लागंल." मी हात धरून त्यांना उतरवलं. त्या चालत पलीकडच्या डब्यात चढल्या, खिडकीशी बसल्या. आमची गाडी हलली तेव्हा त्या पदरानं चष्मा पुसत होत्या. मी हात केला. त्यांना दिसला की नाही, कळलं नाही.

नवी गाडी वेग पटकन घेते.

लासूरला जावं का, असं कुणी विचारलं तर सांगेन, जावं. देवीचं देऊळ आहे, बाजार आहे, सकाळी जाऊन दुपारपर्यंत परत येता येतं. दुसरा रूळ सुरू झाला की अजून लवकर. मला मात्र पोटूळचा तो थांबा आठवत राहील. पुढं तो उरणार नाही.

संध्याकाळी मुलीला फोन केला. म्हटलं, "आत्ता नाही विकत."

"अगं, पण तिथं तुझं आहे कोण?"

"लासूरला एक जण आहे," मी म्हटलं.

ती म्हणाली, "बरं."

फोन ठेवून मी कुकर लावला, एका माणसाचा.