पिशवीवरची आई

फोटो चोरणाऱ्यांचा मला आता राग येत नाही, नुसता कंटाळा येतो. तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्ल्यांत आमची मराठी घरं आहेत. त्यांच्या भिंतींवरचे जुने फोटो गोळा करून मी एक वेबसाइट चालवते. कॉलेजात शिकवून घरी यायचं, कापी प्यायची आणि स्कॅन करत बसायचं. हौस माझीच, तेव्हा तक्रार करायची सोय नाही. पण आज कुणाच्या लग्नपत्रिकेवर आमच्यातलं जोडपं, उद्या कुठल्या हॉटेलच्या भिंतीवर आमच्यातला पगडीवाला. माउसचं उजवं बटण बंद करून पाहिलं, तर लोक स्क्रीनचाच फोटो काढायला लागले. फोटो बारीक केले, तर घरचेच ओरडले, आमचे आजोबा दिसतच नाहीत म्हणून. दोन्हीकडून बोलणी खायला मी एकटी.

सगळ्यात मोठा घोळ झाला तो पापनाशम गावच्या मावशींच्या फोटोचा. ह्या माझ्या यजमानांच्या लांबच्या नात्यातल्या. लग्न केलं नाही, शाळेत शिकवून निवृत्त झाल्या, आता एकट्या राहतात. त्या पाळण्यात असतानाच त्यांची आई गेली. आईचा चेहरा म्हणून त्यांच्यापाशी होता तो एकच फोटो: नऊवारी नेसलेली, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिलेली बाई, कपाळावर ठसठशीत कुंकू. आई सवाष्ण गेली, म्हणून पितृपक्षात अविधवा नवमीला मावशी त्या फोटोला कुंकू लावतात आणि एका सवाष्णीला जेवू घालतात. ती सवाष्ण बरीच वर्षं मीच आहे. फोटो स्कॅनला द्यायला त्या तयार नव्हत्या. मीच मागे लागले, अहो द्या, जपून राहील.

कसलं जपून आणि कसलं काय. थोड्या दिवसांनी त्यांचा फोन आला. "अगे, शेजारीण बाजारातून वांगी घेऊन आलीये. पिशवीवर माझी आई आहे."

तंजावुरातल्या एका साडीच्या दुकानाने वेबसाइटवरून फोटो उचलून पिशव्यांवर छापला होता. वर रंगही भरले होते, लुगडं हिरवं, काठ पिवळे, कुंकू लाल. मी तणतणत दुकानात गेले. मालकांनी बसायला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला, कापी मागवली आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "नेटवर होता, मॅडम. कुणाचा ते काही लिहिलं नव्हतं. चेहरा किती लक्ष्मीसारखा आहे, म्हणून घेतला." आता पुढे छापू नका, एवढंच सांगितलं. भांडायला गेलेली मी कापी पिऊन परत आले.

मग वॉटरमार्क. वेबसाइटचं नाव, पांढऱ्या अक्षरांत, तिरकं. कोपऱ्यात टाकलं तर लोक तेवढाच कोपरा कापतात, म्हणून मी ते सरळ तोंडावरून नेलं. अख्खा फोल्डर निवडला आणि बटण दाबलं. आता न्या काय न्यायचं ते, म्हटलं. मूळ फायलींची वेगळी प्रत ठेवायची असते हे मी कॉलेजात मुलांना सांगते, आणि माझ्याच घरी विसरले. नाव उमटलं ते मूळ फायलींवरच.

त्यानंतरच्या कार्तिकात, आमच्याकडच्या मोठ्या पावसात, मावशींच्या भिंतीला ओल आली आणि फोटो काचेला चिकटला. फ्रेमवाल्याने सोडवायला घेतला, तर चेहरा काचेबरोबर निघून आला. कागदावर राहिला तो खुर्चीवरचा हात.

"तुझ्या कंप्यूटरात आहे ना गे?" त्यांनी विचारलं.

"आहे की, मावशी," मी बेधडक सांगितलं. पुढची नवमी आली तेव्हा फोल्डर उघडला, तर मूळ फायलीतही तोंडावरून वेबसाइटचं नाव. सगळी कपाटं, सगळे पेन ड्राइव्ह उपसून पाहिले. स्वच्छ प्रत कुठेच नव्हती. शेवटी होता तसा छापून घेतला. अक्षरांमागे चेहरा दिसतोय की, अशी स्वतःची समजूत घातली आणि सकाळची बस धरली.

मावशींनी फोटो खिडकीपाशी नेला. चष्मा पुसला, परत पाहिलं. मग पदराने फोटोचं कपाळ पुसायला लागल्या, धूळ बसली असेल तशा.

"कुंकू कुठे आहे गे?"

"त्या अक्षराखाली आहे, मावशी."

"पुसलंस की गे," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं. चोरांपासून राखायला म्हणून मी एका सवाष्णीच्या कपाळावर पांढरं फासलं होतं, आणि मावशींनी विचारेपर्यंत ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

त्या आत गेल्या आणि ती वांग्यांची पिशवी घेऊन आल्या. शेजारणीकडून मागून घेतली होती, धुऊन, घडी घालून कपाटात ठेवली होती. "ताणून धर," म्हणाल्या. मी दोन्ही हातांनी धरली आणि त्यांनी कात्रीने हळूहळू आई कापून घेतली.

"आईचं कुंकू लाल मी ह्याच्यावरच पाहिलं," त्या म्हणाल्या. "आमच्या फोटोत ते काळंच होतं."

पाटावर तो तुकडा मांडला, त्याला कुंकू लावलं, मग त्याच बोटाने मला लावलं. समोर पान वाढलं होतं. पायसम गोड होतं एवढं आठवतं. माझं जेवण झाल्यावर त्या सावकाश म्हणाल्या, "घडीची रेघ गालावरून गेलीये. त्या दुकानातून आईची एक नवी, न दुमडलेली पिशवी आण. आणि भांडू नको."

दुसऱ्या दिवशी मी गेले. मला पाहताच मालक उठून उभे राहिले. "मॅडम, तुम्ही सांगितल्यावर छापणं बंद केलं. हा शेवटचा गठ्ठा आहे, हाही काढून टाकतो."

"काढू नका," म्हटलं. "मला एक पिशवी द्या."

त्यांना काही कळेना. तरी गठ्ठ्यातली वरची उचलली आणि सवयीने दुमडायला घेतली.

"घडी घालू नका," मी म्हटलं. "आमच्या मावशींची आई आहे ती."