नरम निघालेला तिसरा गिअर

मी लिहितोय याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही, आणि उत्तरपत्रिकेपलीकडे लिहायची मलाही सवय नाही. ही गोष्ट चाचाही सांगू शकले असते. पण ते गप्प आहेत, बहुधा मला वाचवण्यासाठी.

चाचा द्वारका चौकाजवळ गिअरबॉक्सचं काम करतात. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षापासून मी कॉलेज सुटलं की त्यांच्याकडे शिकायला जातो. जुन्या परदेशी गाड्यांचे गिअरबॉक्स ओळखून घ्यायला लोक लांबून त्यांच्याकडे येतात. यंदा जुन्या गाड्यांची दलाली करणारे एक शेठ टेम्पोत असाच एक गिअरबॉक्स घेऊन आले. त्यांची दोन सीटची स्पोर्ट्स कार कधीकाळी शर्यतीत धावली होती म्हणे. ते खरं ठरलं तरच मुंबईचं गिऱ्हाईक ती घेणार होतं. गाडीचे कागद अर्धवट, त्यामुळे सगळं या गिअरबॉक्सवर आलं होतं.

चाचांनी समोरच्या चायनीजच्या गाडीवरून थोडं व्हिनेगर मागवलं. कवचाचा कोपरा घासून त्यावर दोन थेंब टाकले. बारीक बुडबुडे उठले.

"मॅग्नेशियम," चाचा म्हणाले. "साध्या मॉडेलला ॲल्युमिनियम असतं, ते असं फसफसत नाही. रेसचाच माल आहे, बेटा."

कवचावरचा नंबरही मूळचाच होता, खोडून पुन्हा ठोकलेला नव्हता. मग त्यांनी झाकण उघडून गिअरच्या दातांवर कानस फिरवली. पहिल्या दोन गिअरवर ती काचेवरून सरकावी तशी सरकली. तिसऱ्यावर चावली. चाचांनी हात मागे घेतला.

"हा नंतर कुणीतरी लेथवर बनवून बसवलाय. तापवून पाणी देऊन कडक केलेला नाही, नरम आहे. जोर आला की दात तुटून अडकतील, चाकं जागेवर जाम. लिही, बदलल्याशिवाय गाडी चालवू नका."

तपासणीचं इंग्रजी पत्र लिहायचं काम माझं. चाचांना इंग्रजी वाचता येत नाही. मी सगळं लिहिलं आणि शेठना दाखवलं.

"इंजिनियर साहेब, मी विचारलं काय? गिअरबॉक्स असली आहे का, एवढंच ना? तेवढं लिहा. गिअर मी बदलून घेतो."

तोवर मला कुणी साहेब म्हटलं नव्हतं. शिवाय त्यांचं म्हणणं पटलंही. ओळख वेगळी, दुरुस्ती वेगळी. मी तिसऱ्या गिअरची शेवटची ओळ काढली.

"नरमचं लिहिलंस ना?" चाचांनी विचारलं. मी हो म्हणून मान हलवली. त्यांनी सही केली.

गिअरबॉक्स न्यायला शेठचा ड्रायव्हर आला. इगतपुरीकडचा, बोलका माणूस.

"आता बसवून गाडी दामटू ना साहेब? गिऱ्हाइकाला घाटातला व्हिडिओ पायजे."

"तिसरा गिअर बदलणार आहेत ना?"

"शेठ म्हणले, कागदावर समदं ओके हाय. का, नाय का?"

चाचा आतच होते, त्यांना ऐकू गेलं असतं. मी हळूच म्हणालो, "शेठना एकदा विचारा."

"शेठला इचारून पगार वाढत नाय," तो हसला. "अन् घाट तर माझ्या दारातला हाय. झोपेतबी उतरतो."

टेम्पो सिग्नलपाशी वळला.

तीन दिवस मला जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी चाचांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. हातातला पाना खाली ठेवून म्हणाले, "फोन लाव." शेठ उचलत नव्हते. ड्रायव्हरचा नंबर आम्हा दोघांकडेही नव्हता. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आम्ही फोन लावत राहिलो. चाचांनी नवीन काम घेतलं नाही. रस्त्याकडे तोंड करून स्टुलावर बसून राहिले.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेठचाच फोन आला. चाचांनी स्पीकर लावला.

"चाचा, ते कवच फुटलंय. वेल्डिंग होईल का? नंबरचा भाग शाबूत आहे."

"ड्रायव्हर कसा आहे?"

"तो ना," शेठ म्हणाले. "तो परवाच गेला. घाटातच."