अर्ध्या चढावरचा देव

नालछ्याजवळच्या डोंगरातली ती दगडगोट्यांची चढण मी जीपने पहिल्यांदाच चढत होतो. खाली एका गुराख्याने बजावलं होतं, “भिया, बीच में रुकना मत, गाड़ी पीछे फिसलेगी.”

अर्ध्या चढावर शेंदूर फासलेला देव दिसला आणि जीपमध्ये माझ्या शेजारी बसलेली आई ओरडली, “थांब! नमस्कार राहिला!” आमच्याकडे शेंदराचा दगड दिसला की गाडी थांबवायचीच.

“आत्ता नाही!” मी खेकसलो. चाकं गरगरली, दगड उडाले, जीप तिरकी झाली आणि एका हिसक्यात माथ्यावर पोचली.

मी हँडब्रेक ओढला आणि आईकडे वळलो. आईचा अंबाडा सुटला होता, डोळे लकाकत होते.

“देवाला ओलांडून आलास,” ती म्हणाली. “चल, उतरताना नमस्कार करू. मग पुन्हा तळापासून चढव. या वेळी जोरात!”