सोनेरी तबकडीवरची पट्टी

माझ्या हॉलच्या भिंतीवर चार सोनेरी तबकड्या आहेत. घरी येणारे बहुतेक लोक त्यांच्याकडे बघून विचारतात, ही घड्याळं बंद का? मी उत्तर देणं सोडलं आहे.

पूर्वी एखादी रेकॉर्ड फार खपली की कंपनी गायकाला सोनेरी मुलामा दिलेली रेकॉर्ड काचेच्या चौकटीत घालून द्यायची. खाली पितळी पट्टी, पट्टीवर नाव. या चारही तबकड्या एकाच गायकाच्या, त्याच्या सुरुवातीच्या काळातल्या. आज तो रॉकस्टार आहे, सत्तरी गाठली तरी चामड्याची जाकिटं घालून फिरतो. तेव्हा तो कॅम्पातल्या एका गॅरेजात घसा फाडून ओरडायचा आणि शेजारी गिटार घेऊन माझा थोरला भाऊ, दादा, उभा असायचा. पहिल्या रेकॉर्डवरची सगळी गिटार दादाची आहे. वेष्टणावर मात्र एकट्या गायकाचा फोटो. वादकांची नावं छापायला जागा उरली नसावी, केस फार होते त्याला.

ती रेकॉर्ड खपली तेव्हा वादकांनाही एकेक तबकडी मिळाली होती. दादाच्या पट्टीवर त्याचं नाव कोरलंय, हे आईने अख्ख्या आळीला सांगितलं होतं. मी तेव्हा नोकरीनिमित्त बाहेरगावी होतो. परत आलो तोवर भिंतीवर तबकडी नव्हती आणि दादाने गिटारही सोडली होती. तबकडी कुठे आहे विचारलं की म्हणायचा, असेल कुठेतरी. म्हणून मी शोधत राहिलो. जुन्या बाजारात, मोडीत निघालेल्या स्टुडिओत, रेकॉर्ड कंपनीच्या कुणा वारलेल्या साहेबाच्या घरात. अशी एखादी तबकडी आहे असं कळलं की दादाचीच असेल म्हणून धावत जायचो आणि दर वेळी त्या गायकाचंच नाव घेऊन घरी यायचो. लोक मला त्याचा भक्त समजतात. हसावं की रडावं कळत नाही.

मागच्या वर्षी टीव्हीवरच्या मुलाखतीत त्या गायकाने सांगितलं की पहिल्या रेकॉर्डवर गिटारसुद्धा त्यानेच वाजवली होती. आम्ही सगळे दादाच्या बिबवेवाडीच्या घरी जेवायला बसलो होतो. खराडीला आयटीत असलेला माझा पुतण्या बापाकडे वळून म्हणाला, "पप्पा, नेटवर तुमचं नाव कुठेच नाहीये. प्रूफ काय आहे?" दादाने आमटी वाढून घेतली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोराने चेष्टा केली असती तर चाललं असतं, पण तो मनापासून विचारत होता.

त्यावर वहिनींनी शांतपणे सांगितलं की ती तबकडी माळ्यावर धूळ खात पडली होती, म्हणून त्यांनी ती सोसायटीच्या गणपतीत बक्षीस म्हणून देऊन टाकली. आमच्याकडे स्पर्धेची बक्षिसं कुणी विकत आणत नाही. घरोघरच्या जुन्या ढाली आणि शोभेच्या वस्तू गोळा करायच्या, वर नवी पट्टी चिकटवायची, झालं. इतकी वर्षं बोलला का नाहीत, असं मी विचारलं. मला कुणी विचारलंच नाही, असं म्हणून त्या ताक आणायला गेल्या.

ती तबकडी रांगोळी स्पर्धेत तळमजल्यावरच्या भाडेकरूंच्या सुनेने जिंकली होती. ते कुटुंब पुढे लोणी काळभोरला राहायला गेलं. पत्ता काढून मी स्कूटरवर निघालो. पुतण्याच्या तोंडावर ते नाव फेकायचं होतं मला.

बाईंनी चहा केला. तबकडी शोकेसमध्ये, देवाच्या तसबिरीशेजारी, लखलखीत पुसून ठेवलेली. खाली पट्टी, त्यांच्या नावाची, प्रथम क्रमांक. तिच्याखालून जुन्या पट्टीची कड दिसत होती. मी सगळी हकिगत सांगितली. त्यांनी शोकेस उघडून तबकडी बाहेर काढली.

मग म्हणाल्या, "जन्मात येवढं एकच बक्षीस हाय माझं. काढा पट्टी, पण पुन्हा तशीच लावून द्या."

मी विळीशेजारची सुरी घेतली. पट्टी वाकली, एक कोपरा तुटला, पण निघाली. खालची पट्टी डिंकाने माखली होती. ओल्या फडक्याने पुसली तशी अक्षरं वर आली. सहवादकास सप्रेम भेट. त्याखाली नावासाठी आखलेली एक रेघ. रेघेवर काही नव्हतं. कोरून पुसलेलंही नव्हतं. मी बोट फिरवून पाहिलं, गुळगुळीत होती.

बाईंनी विचारलं, "गावलं का नाव?" मी मान हलवली आणि त्यांची पट्टी बसवायला लागलो. ती काही केल्या सरळ बसेना.

परत येताना मला त्या गायकाचा राग येत नव्हता. दादाचा येत होता.

दादा गॅलरीत बसला होता. माझ्या तोंडाकडे पाहून त्याने ओळखलं. तुला माहीत होतं का, असं मी विचारलं.

"माझ्याच हातात दिली होती ना ती," तो म्हणाला. "आईने विचारलं नाव आहे का, मी हो म्हणालो. तिला वाचता येत नव्हतं. मग तेच चालू राहिलं."

माझ्या भिंतीवरच्या तबकड्या त्याने कितीदा तरी पाहिल्या होत्या. एकदाही म्हणाला नाही, की बाबा, शोधू नकोस.

"त्या बाईंची पट्टी सरळ बसवलीस ना?" त्याने विचारलं.

मी हो म्हणालो.