परांचीवरून न पडलेला माणूस

पहाटे साडेचारला मिस्त्रीचे डोळे उघडायचे. काम सोडून दीड वर्ष झालं होतं, पण डोळ्यांना ते कोणी कळवलं नव्हतं. तो उठायचा, चूळ भरायचा, दार उघडायचा आणि बाहेरच्या कोनाड्यात हात घालून हातोडी चाचपायचा. तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली हातोडी. एकेचाळीस वर्षांत ती उंबऱ्याच्या आत आली नव्हती. दोनदा चोरीला गेली. दोन्ही वेळा त्याने नवी घेतली आणि तीही बाहेरच ठेवली. आजोबा असंच करायचे, वडीलही. का, ते कोणी सांगितलं नव्हतं.

घरात आणखी एक नियम होता. त्याचं कारण मात्र सगळ्यांना तोंडपाठ होतं. दुसऱ्याने बांधलेल्या परांचीवर पाय ठेवायचा नाही, कारण आजोबांचे वडील परांचीवरून पडून गेले. या नियमापायी मिस्त्री आयुष्यभर इतरांच्या आधी कामावर पोचला आणि गाठ न् गाठ स्वतः आवळली. चौथ्या मजल्याची परांची एकट्याने बांधायला तीन तास लागतात. त्या तीन तासांचे पैसे कोणी देत नाही.

हात रिकामे झाले तसं त्याच्या डोक्यात एकच घोळायला लागलं. पणजोबा पडले ते कुठल्या इमारतीवरून? ती भिंत अजून उभी असेल तर त्याला बघायची होती. आणि परांची कोणत्या शहाण्याने बांधली होती, तेही.

जुन्या कागदांची कचेरी बसने पाऊण तासावर होती. तिथल्या कारकून बाई चष्मा दोरीने गळ्यात अडकवून बसायच्या. त्यांनी त्याला बांधकामावरच्या अपघातांच्या वह्या काढून दिल्या. मिस्त्रीला वाचायची सवय नव्हती. एका पानाला दहा मिनिटं लागायची. आठवड्यातून तीन दिवस, दहा ते पाच, तो बोट ठेवून वाचत राहिला. विहिरीत पडलेले, चुन्याच्या भट्टीत भाजलेले, भिंतीखाली सापडलेले, सगळे झाले. सात आठवड्यांत चौदा वह्या संपल्या. पणजोबा नव्हते.

"मिस्त्री, तुमचे पणजोबा पडलेलेच दिसत नाहीत हो," बाई म्हणाल्या.

"आमच्या घरातला माणूस पडेल हे मलाही पटत नव्हतंच," मिस्त्री म्हणाला.

बाई हसल्या. मग चष्मा डोळ्यांवर चढवून जरा चाचरत म्हणाल्या, "राग नका मानू. अपघातात नाही, मृत्यूच्या वहीत नाही, आणि घर सोडल्याचीही नोंद नाही. असा माणूस बहुतेक वेळा मला तुरुंगाच्या वहीत सापडतो."

"बघा तर. त्या वहीत तरी कशाला ठेवायचं बाकी?"

नाव तिसऱ्याच पानावर होतं. पणजोबांचं, त्यांच्या वडिलांचं, आणि गल्लीही तीच. धंदा गवंडी. गुन्हा, सख्ख्या धाकट्या भावाचा खून. जन्मठेप. शिक्षेच्या नवव्या वर्षी तापाने तुरुंगात मृत्यू.

मिस्त्रीने पान उलटलं नाही की वर पाहिलं नाही. बाईंनी पाण्याचा पेला आणून ठेवला. तो तसाच राहिला.

निकालाचे कागद सापडायला आणखी पाच दिवस लागले. अकरा पानं होती. दोघे भाऊ एकाच कामावर. दुपारी धाकट्याने थोरल्याच्या भिंतीकडे एक डोळा मिटून पाहिलं, वाकडी आहे म्हणाला, आणि सगळ्या गड्यांदेखत वरचे सहा थर लाथेने पाडले. थोरला काही बोलला नाही. संध्याकाळी घरी जेवायला बसताना तो विषय पुन्हा निघाला. थोरला हातोडी पुसत बसला होता. घाव एकच होता. थोरल्याचा चार वर्षांचा मुलगा तेव्हा त्याच खोलीत होता. तो मुलगा म्हणजे मिस्त्रीचे आजोबा.

शेवटच्या पानावर मुकादमाची साक्ष होती. "दुसऱ्या दिवशी पाडलेल्या थरांखालची भिंत मी ओळंबा लावून पाहिली. सरळ होती."

ते वाक्य मिस्त्रीने चार वेळा वाचलं.

घरी न जाता तो आक्काकडे गेला. आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण, पंच्याहत्तरीची, जिभेने अजून तिशीची. ती पायरीवर बसून भाजी निवडत होती.

"आक्का, पणजोबा पडले नाहीत."

तिचे हात थांबले नाहीत. "बरं."

"तुला ठाऊक होतं?"

"आजीने सांगितलेलं. तिला तिच्या सासूने. आपल्या घरात हे बायकांकडे असतं, पुरुषांना फक्त परांची सांगायची."

"आयुष्यभर मी तासन्तास गाठी आवळत बसलो, ते एका खोट्यासाठी?"

"त्या खोट्याने आपल्या घरातला एक माणूस पडला का? नाही ना? मग काय वाईट झालं?" आक्काने एक किडकं पान काढून टाकलं. "आणि हातोडीचं खरं होतं. ते पाळलंस, तेवढं पुष्कळ."

"निकालात लिहिलंय, धाकट्याची बायको होती. दिवस गेलेले होते तिला. तिचं पुढे काय झालं?"

आक्काचे हात आता थांबले. "ते आजीलाही माहीत नव्हतं. कोणी विचारलंच नाही, रे."

मिस्त्रीने विचारलं. आणखी दोन महिने कचेरीत बसून जन्माच्या, लग्नाच्या, वस्त्या बदललेल्यांच्या वह्या चाळल्या. ती बाई कुठेच नव्हती. कारकून बाईंच्या सल्ल्याने त्याने मोठ्या कागदावर घराण्याचा वृक्ष काढला. रेघा दोरी धरल्यासारख्या सरळ. धाकट्या भावाच्या नावाखाली एक रेघ ओढली आणि तिच्याखाली जागा कोरी ठेवली.

वृक्षाच्या तळाशी स्वतःच्या मुलाचं नाव लिहिताना त्याचा हात अडला.

नऊ वर्षांपूर्वी एका शाळेच्या कामावर मुलगा त्याच्या हाताखाली होता. मुलाने सात थर रचले होते. मिस्त्री लांबून आला, एक डोळा मिटला आणि आठ गड्यांसमोर लाथ घातली. "माझा डोळाच ओळंबा आहे," असं तो नेहमी म्हणायचा. मुलगा काही बोलला नाही. नळावर थापी धुतली, जागेवर ठेवली आणि निघून गेला. तेव्हापासून तो एका गोदामात माल चढवतो. महिन्यातून एकदा फोन. "तब्येत?" "बरी." "ठेवतो मग."

सुट्टीच्या दिवशी मिस्त्री कागदाची गुंडाळी काखेत मारून मुलाकडे गेला. मुलाच्या घराची मागची बाजू अजून पत्र्याचीच होती. गवंड्याच्या मुलाचं घर, आणि पत्रा. एरवी त्याने तसं ऐकवलं असतं.

मुलाने वृक्ष पाहिला, निकालाची नक्कल वाचली. वाचायला तो बापापेक्षा तेज होता.

"हे आजी म्हणायची ते परांचीवाले?"

"तेच."

मग मिस्त्री म्हणाला, "शाळेच्या कामावरची ती भिंत. मी ओळंबा लावला नव्हता."

"माहीत आहे. ओळंब्याची दोरी तुमच्या खिशात होती. मी बघत होतो."

"वाकडी नसेलही."

"नव्हती, बाबा. लावून बघितला होता मी."

मिस्त्रीने मान हलवली. एवढी वर्षं थर मोजताना जशी हलवायचा, तशी.

"हातोडी माझ्या पायाशीच पडली होती," मुलगा म्हणाला. "म्हणून मी नळावर गेलो."

मिस्त्रीने कागदावरच्या त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मुलानेच शेवटी चहा आणला.

पुढच्या महिन्यात मुलाच्या घरी, मागच्या पत्र्याच्या जागी भिंत घालायला विटा आल्या. मिस्त्रीने स्वतः भट्टीवर जाऊन एकेक वाजवून घेतल्या होत्या. परांची त्याने बांधली, चार पहाटा घालून. परांचीवर मुलगा चढला. मिस्त्री खाली माल कालवून घमेली वर देत राहिला. पाठ दुखत होती. बोलला नाही.

सहाव्या दिवशी शेवटचा थर बसला. मिस्त्री समोर उभा राहिला. सवयीने एक डोळा मिटायला लागला, तो त्याने उघडा ठेवला.

"लावा की ओळंबा," मुलगा वरून म्हणाला.

"तू लावलास ना?"

"लावला."

"मग झालं."

मुलगा खाली उतरला. हातोडी त्याने न सांगता बाहेर, नव्या भिंतीच्या कोनाड्यात ठेवली. तो कोनाडा नकाशात नव्हता. तिसऱ्या दिवशी त्यानेच सोडला होता.

एकेचाळीस वर्षांच्या मजुरीतून मिस्त्रीच्या गाठीला जे उरलं होतं, ते सगळं त्या भिंतीत गेलं. नऊ फूट उंच, चौदा फूट लांब.