आईची आंघोळ आणि माझा पाना

आमच्या घरात पाण्याचं प्रेशर कमी करण्याचं काम मी एकदाच केलं. तेव्हापासून पाना कपाटात आणि कपाटाची किल्ली बायकोकडे असते.

वडील गेल्यावर आईला मी कुडपणहून महाडला आणलं. आमच्या सोसायटीची टाकी वर टेकडीवर, त्यामुळे नळ सोडला की पाणी अंगावर धावून येतं. आई पहिल्याच दिवशी आंघोळीहून आली ती कपाळ चोळत.

"ह्ये पानी हाय की दगडफेक? माजं कुडपणच बरं रे. परवाच्या यष्टीनं जाते."

तिथे ती एकटी राहणार, म्हणून मी लगेच प्लंबरला फोन लावला. प्लंबर 'सोमवारी येतो' म्हणाला (कोणत्या सोमवारी, ते बोलला नाही). म्हटलं, जिन्याखाली पितळी प्रेशर रेग्युलेटर आहे, त्याचा स्क्रूच तर फिरवायचा!

"अहो, तुम्ही इतिहास शिकवता," बायको, सुनंदा, म्हणाली.

"नळ उजवीकडे फिरवला की बंद होतो ना? मग हेही तसंच!"

तसं नव्हतं. रेग्युलेटर उजवीकडे पिळला की प्रेशर वाढतं! मी पान्याने मन लावून पिळत राहिलो. स्वयंपाकघरात 'फट्' झालं, सिंकखालचा पाइप सुटला आणि कणीक मळणारी सुनंदा परातीसकट न्हाऊन निघाली.

"कमी झालं का गं?" मी जिन्याखालून विचारलं.

"या आणि बघा!"

मी धावलो, घसरलो आणि थेट फ्रीजपाशी जाऊन बसलो. आई मात्र पदर खोचून उभी! जन्मभर झऱ्यावरून हंडे वाहिलेल्या बाईला पाणी वाया जाताना बघवेना.

"सुनंदा, पातेलं दे गो! कुकर दे! डबा दे!"

पातेली भरली, कुकर भरला, मला मिळालेला आदर्श शिक्षकाचा चषकसुद्धा भरला. मग ती माझ्याकडे वळली. "बसलास काय? मेन कॉक बंद कर ना रे!"

पाणी थांबलं. आम्ही तिघं चिंब. आईने माझ्याकडे पाहिलं आणि ती हसायलाच लागली. वडील गेल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. रेग्युलेटर सुनंदाने डावीकडे फिरवला.

यष्टी गेली, आई राहिली. माझ्या मायेने तिला थांबवलं, असं मी शाळेत सगळ्यांना सांगत होतो. परवा ती कुडपणच्या मावशीशी फोनवर बोलत होती :

"मला तरी कुठं करमतंय गो? पन ह्या पोराच्या भरवशावर सुनेला टाकून येऊ कशी?"