खिशांचा कोट

टेलरमास्तरांच्या दुकानात पुढे काउंटर, त्यामागे मशीन आणि मशीनमागे एक फुलाफुलांचा पडदा होता. पडद्यामागे घर. घर म्हणजे एकच खोली, स्वयंपाकाचा ओटा आणि खिडकीपाशी एक स्टूल. त्या स्टुलावर बसून मास्तरांची बायको तीसेक वर्षं काजं करत आली होती. मास्तरांचं मशीन झकास चालायचं, पण काजावर त्यांचा हात बसला नाही तो नाहीच. जाणतं गिऱ्हाईक कोट हातात घेतल्यावर आधी काजं बघायचं आणि विचारायचं, "काजं कुणाकडून करून घेता हो?"

मास्तर गळ्यातली टेप सारखी करत म्हणायचे, "आहे एक बाई."

बाई पडद्याआड, चार हातांवर. तिला सगळं ऐकू जायचं. बायकोला कामाला जुंपलंय असं लोकांनी म्हणू नये, एवढाच मास्तरांचा हेतू. त्यात कुणाला काही लागत असेल हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नाही. बायकोही बोलणाऱ्यातली नव्हती. मुलगी लहान असताना एकदाच म्हणाली होती, "मलाही एक कोट शिवा ना थंडीसाठी." मास्तर म्हणाले, "सीझन संपू दे." आता शिंप्याचा सीझन कधी संपतो का? थंड्या आल्या नि गेल्या. मुलगी मोठी झाली, लग्न करून परदेशी गेली, आणि तिच्या जुन्या स्वेटरवर आई भागवत राहिली.

मग मुलीला दिवस राहिले. बाळंतपणाला आई हवी म्हणून तिने परस्पर तिकीट काढलं आणि फोन केला.

"बाबा, तिकीट अगदी स्वस्तात मिळालंय. पण सामानाचे पैसे वेगळे हं."

"म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!"

"म्हणून तर आधी सांगतेय. एक लहान बॅग फुकट, सात किलोपर्यंत. मोठी न्यायची तर पैसे आत्ताच भरायचे. काउंटरवर भरायची वेळ आली तर कातडी सोलतात. आणि आपली ती चाकांची बॅग नको, ती रिकामीच तीन किलो भरेल. कापडी घ्या. अंगावर घातलेल्याचं मात्र वजन करत नाहीत."

"कोटाचं?"

"कोटाचंही नाही."

"आणि कोटाच्या खिशात काही असलं तर?"

मुलगी हसली. "खिशात कुणी हात घालत नाही, बाबा."

झालं. मास्तरांच्या अंगात वारं शिरलं. कंपनी शेर तर आपण सव्वाशेर! जाड निळं लोकरी कापड त्यांनी फळीवरून काढलं, झटकलं आणि बायकोला हाक मारली, "अगं, इकडे ये. माप दे." तीस वर्षांत बायकोच्या थंडीला जे जमलं नाही, ते विमान कंपनीच्या दंडाला जमलं. ती पडदा सारून आली आणि हात पसरून उभी राहिली. तिचे खांदे इतके उतरलेत हे मास्तरांना टेपवर कळलं.

खिसा अंदाजाने कापायचा नाही, हा मास्तरांचा नेम. खिशात जे जाणार ते आधी हातात द्या, मग कात्री. त्यामुळे बायकोला एकेक वस्तू आणून काउंटरवर ठेवावी लागली. औषधांची डबी. चष्म्याचं घर. बाळासाठी विणलेल्या टोप्या. मास्तर खडूने खुणा करत होते, गुणगुणत होते. मग तिने आपल्या आईचा फोटो आणला.

"हा कशाला? काच आहे त्याला."

"काच काढते."

मग दोन सुती कपड्यांची घडी आली.

"थंडीत चाललीस ना? सुती कशाला?"

"उन्हाळा येईलच की पुढे."

मास्तर गुणगुणायचे थांबले. जायचं होतं ऐन थंडीच्या तोंडावर, तीन महिन्यांसाठी. तीन महिन्यांनी तिकडे उन्हाळा नव्हता, एवढं त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी खडू उचलला, ठेवला. तेवढ्यात तिने शेवटची वस्तू ठेवली. तिचा अंगुस्ताना. सुई बोटात घुसू नये म्हणून घालायचं ते पितळी टोपण, आतून तिच्या बोटाच्या आकाराचं झिजलेलं.

"हा?"

"बाळाचे कपडे करीन."

"तिकडे तयार मिळतात सगळे."

"मग दुसऱ्या कुणाचे करीन," ती म्हणाली. रागाने नाही. भाजी काय करू, अशा सुरात.

परतीचं तिकीट कधीचं, हे त्यांनी इकडून तिकडून विचारून पाहिलं. "स्वस्त मिळालं की काढू म्हणालीय," एवढंच उत्तर आलं. "तू परत येणार ना?" हा साधा प्रश्न मात्र त्यांच्या जिभेवर येऊन बसला आणि तिथेच राहिला. आयुष्यभर ज्याने बायकोला फक्त कामाचं विचारलं, त्याला असला प्रश्न ऐनवेळी कुठून सुचणार?

त्यांना एक वाईट गोष्ट मात्र सुचली. अस्तराचे टाके सैल घालावेत. विमानतळावर खिसे उसवतील, वस्तू घरंगळतील, काउंटरवर दंड सांगतील आणि निम्मं सामान, नाहीतर ती अख्खीच, घरी परत येईल. मशीनवर बसून त्यांनी टाका मोठा करणारी चकती फिरवलीसुद्धा. पण हाताला वाईट काम येईना. त्यांनी चकती जागेवर आणली आणि प्रत्येक खिशाला दुहेरी शिवण मारली. त्यांच्या हातून इतका चांगला कोट आधी झाला नव्हता. काजं अर्थातच तिने केली, स्वतःच्या कोटाची, खिडकीपाशी बसून.

तिने न सांगता मास्तरांनी आणखी एक खिसा केला, आतून, छातीशी. त्यात घराच्या किल्ल्यांचा दुसरा जुडगा बरोब्बर बसला. तिने तो पाहिला आणि काही बोलली नाही. त्या न बोलण्यावर मास्तर दोन दिवस जगले.

निघताना त्यांना आठवलं, थंडीत तिची बोटं आखडतात. बामची बाटली त्यांनी गुपचूप तिच्या बॅगेत वर सरकवली. बायकोसाठी आपणहून केलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट असावी.

विमानतळावर मास्तर सोडायला येणाऱ्यांचं तिकीट काढून आत, काउंटरसमोरच्या कठड्यापर्यंत आले. काउंटरवरच्या मुलीने बॅग काट्यावर ठेवली आणि मान हलवली. "थोडी जास्त भरतेय, काकू. काहीतरी काढा, नाहीतर पैसे भरावे लागतील."

घरी तर काटेकोर मोजली होती! बायकोने चेन उघडली. वरच बाटली. तिने वळून कठड्यापाशी उभ्या असलेल्या मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी चोरासारखी मान खाली घातली. "बोटांसाठी टाकली होती," ते पुटपुटले.

तिच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं. बाटली ठेवायला तिने कोटाचे खिसे चाचपले. सगळे भरलेले. मग आत हात घालून तिने जुडगा काढला, त्याच्या जागी बाटली ठेवली आणि जुडगा कठड्यावरून पुढे केला.

"हा तुमच्याकडेच राहू दे."

"अगं, पैसे भरतो ना मी!" मास्तरांचा आवाज चढला. त्यांनी पाकीट काढलं. "कितीही होऊ देत. किल्ल्या असू दे. आल्यावर लागतील तुला."

"कशाला? पैसे वाचावेत म्हणूनच तर एवढा खटाटोप केलात ना?" ती शांतपणे म्हणाली. जुडगा त्यांच्या हातात ठेवून ती काउंटरकडे वळली.

आता वजन बरोबर भरलं. काउंटरवरच्या मुलीने बॅगेला पट्टी लावली. उघड्या कोटातल्या खिशांच्या रांगा आणि वरची काजं बघून तिला राहवलं नाही. "काय सुंदर कोट आहे हो, काकू! कुणी शिवला?"

बायकोने खालपासून एकेक बटण काजात घातलं. शेवटचं गळ्याशी लावलं.

"आहे एक शिंपी," ती म्हणाली आणि पुढे गेली.

मास्तर कठड्याच्या अलीकडे, चार हातांवर उभे होते. त्यांना सगळं ऐकू गेलं.